इतिवृत्ताला मंजुरी

सुनावणीत त्या माइकसमोर उभी राहिलीस की फक्त स्वतःबद्दल बोल, दुसऱ्या कुणाचं नाव तोंडातून काढू नकोस, असं मिस ओडेसांनी डेलियाला सप्टेंबरातच सांगितलं होतं. त्या विधवा होत्या, पण गल्लीत सगळे त्यांना मानाने 'मिस'च म्हणत. मागच्या गल्लीत, दोघींच्या घरांच्या मधोमध, कचऱ्याचे डबे आत ढकलता ढकलता सांगितलं होतं. त्यामुळे डेलियाला ते म्हाताऱ्या माणसांच्या नेहमीच्या सूचनांपैकीच एक वाटलं: ओल्या केसांनी बाहेर पडू नये, तान्ह्या मुलीचे मोजे उन्हाळ्यातही काढू नयेत, नगरपालिकेच्या माणसाशी दारात उभं राहूनच बोलावं. ती हसली होती. "मिस ओडेसा, मी सगळ्यांबद्दल चांगलंच बोलणार आहे," असं म्हणाली होती. "चांगलं बोललेलं त्यांच्या जास्त लक्षात राहतं, पोरी," मिस ओडेसा म्हणाल्या आणि डब्याचं झाकण आपटून आत गेल्या. नोव्हेंबरातल्या एका शुक्रवारी दुपारी, तिची तान्ही विनी झोपलेली असताना, शहराच्या नियोजन आयोगाच्या मागच्या सभेचं कच्चं इतिवृत्त डेलियाने संगणकावर उघडलं आणि चौथ्या पानावर तिला स्वतःचं नाव दिसलं. 'श्रीमती डेलिया प्रूइट, ४१८ अल्डर स्ट्रीट, यांनी प्रस्तावास पाठिंबा दिला. अशा खोल्या परिसरात पूर्वीपासून आहेत असे त्यांनी निदर्शनास आणले. त्यांच्या मागील गल्लीत श्रीमती ओडेसा टिलमन यांच्या गॅरेजवर श्री. ड्रूरी नावाचे गृहस्थ अकरा वर्षे राहत असून कोणासही त्यांचा उपद्रव नाही, असे त्या म्हणाल्या.' आधी तिला गंमत वाटली. आपण कपाळावरची बट मागे सारत, अडखळत, मध्येच हसत बोललो होतो, आणि त्याचं हे असं इस्त्री केलेलं वाक्य कुणी केलं असेल? तिने ते पुटपुटून वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना 'टिलमन यांच्या गॅरेजवर' या शब्दांशी तिची जीभ थांबली. तिने मान वर केली. स्वयंपाकघराच्या खिडकीतून गल्लीपलीकडचं तेच गॅरेज दिसत होतं, बाहेरून चढणारा लाकडी जिना, वरच्या खिडकीत जेरेनियमचं रोप, आणि रोपामागे काहीतरी पुसत असलेला एक पांढरा शर्ट.

या खिडकीत उभं राहण्याची सवय तिला विनी झाल्यावर लागली. त्याआधी ती शहराच्या या टॅमरॅक बेंड भागात नुसती झोपायला यायची, काम नदीपलीकडे, मैत्रिणीही तिकडेच. बाळ झाल्यावर सगळं शहर आकसून एका चौकटीत मावेल एवढं झालं. तिचा नवरा टोबी इस्पितळात एक्स-रेच्या विभागात कामाला जायचा तो संध्याकाळी यायचा. मधल्या वेळात तिच्या वाट्याला एक श्वास घेणारं गाठोडं आणि ही खिडकी. सुरुवातीला तिला भीतीच वाटे. तो वरचा माणूस कोण? दिवसभर घरीच कसा असतो? आपल्याकडेच बघतो का? कॉलेजात समाजशास्त्र शिकताना तिला निरीक्षणाची वही ठेवायला लावली होती, तशी तिने इथेही एक ठेवली: नऊ वाजता खाली उतरला, नऊ वीसला वर, हातात पाव. दोन वाजता खुर्ची खिडकीशी. टोबीने ती वही पाहिली तेव्हा तो म्हणाला, "हे कुणाला सापडलं तर आत त्याला नाही टाकणार, तुला टाकतील." ती हसली, पण वही थांबली नाही. भीती कधी संपली आणि कुतूहल कधी सुरू झालं हे तिला त्या वहीतूनही सांगता आलं नसतं. एका माणसाचा दिवस असा बाहेरून पाहत गेलं की तो हळूहळू आपल्याच दिवसाचं अस्तर होतो. त्याची खुर्ची खिडकीशी आली की विनीला दुसरं दूध द्यायची वेळ झाली, हे घड्याळ न पाहता तिला कळू लागलं.

नकाशाचं वेडही तिथूनच लागलं. अल्डर स्ट्रीटच्या कोपऱ्यावर एके दिवशी नगरपालिकेने पिवळी पाटी ठोकली: परिसराच्या झोनिंगमध्ये, म्हणजे कुठे काय बांधता येईल याच्या नियमांत, बदलाचा प्रस्ताव, सार्वजनिक सुनावणी अमुक तारखेला. बाकीचे लोक पाटीला वळसा घालून जात. डेलिया बाबागाडी थांबवून ती दोनदा वाचायची. मग एक दिवस ती सरळ नगरभवनाच्या तिसऱ्या मजल्यावर गेली. तिथे काउंटरमागे मिस हॅडली नावाची तिच्याच वयाची अधिकारी बाई होती, केसांत पेन्सिल खोचलेली, आणि मागच्या भिंतीवर सगळं शहर रंगवून टांगलेलं. एका जागेवर एकच घर तो पिवळा, दोन-तीन कुटुंबांना परवानगी तो नारिंगी, दुकानं लाल, कारखाने जांभळे. "आमची गल्ली कुठे?" डेलियाने विचारलं. मिस हॅडलीने बोट ठेवलं. नारिंगी आणि पिवळा यांची सीमा बरोबर गल्लीच्या मधून जात होती. म्हणजे आपण नारिंगीत आणि मिस ओडेसा पिवळ्यात? म्हणजे तीच खोली आपल्या गॅरेजवर असती तर चालली असती? "चालली असती," मिस हॅडली म्हणाली, "पण असं कुणी आहे हे मला सांगू नका हं, उगाच." दोघी हसल्या. बारा फूट रुंदीची गल्ली. घरी परतताना डेलियाने बाबागाडी मुद्दाम मधोमध चालवली, डावी चाकं नारिंगीत, उजवी पिवळ्यात, आणि विनीला काही फरक जाणवतो का म्हणून तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग पुढच्या खेपेला तिने आपल्या लहानपणीच्या घराचा रंग विचारला. ती वाढली ते कपडे धुण्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत, नदीपलीकडे. जमीन कायम कोमट. हिवाळ्यात आई म्हणायची, आपण श्रीमंत, आपल्या पायाखाली वाफ आहे. भिंतींना गरम लोकरीचा आणि धुलाईच्या रसायनाचा वास, आणि शाळेत मुली म्हणायच्या, तुझ्या वेणीला दुसऱ्यांच्या कोटांचा वास येतो. मिस हॅडलीने जुनी गुंडाळी काढून उलगडली. लाल. त्या लालवर राहायला कायद्याने कुणालाच परवानगी नव्हती. डेलियाने वाकून तो लाल चौकोन बराच वेळ पाहिला. आई, धाकटा भाऊ, कोमट जमीन, तिसरीतली गोवराची साथ, हे सगळं जिथे झालं तिथे कागदाच्या मते कुणी राहतच नव्हतं. वाईट वाटण्यापेक्षा तिला नवल वाटलं, आणि ते नवल ती कितीतरी दिवस तोंडात खडीसाखरेसारखं घोळवत राहिली.

मिस्टर ड्रूरींशी ओळख झाली ती बाबागाडीचं चाक निखळलं म्हणून. गल्लीत, भर उन्हात, विनी रडून लाल झालेली. ते जिन्यावरून उतरले, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत, आणि चाकाकडे न बघता विनीला म्हणाले, "कप्तान, जहाज थांबवलंत का? आता मला पूल उचलावा लागेल." चाळीस वर्षं त्यांनी नदीवरचा उचलपूल चालवला होता. पुलावरच्या केबिनमध्ये, कपाटाएवढ्या जागेत, दिवसचे दिवस. बोट आली की भोंगा, फाटक, आणि सगळं शहर दोन्ही काठांवर खोळंबून त्यांच्याकडे बघत उभं. पुढे पूल आपोआप चालायला लागला आणि ते खाली उतरले. पण जमिनीवर आपल्याला झोप लागत नाही, असं ते म्हणत. बायको गेल्यावर मिस ओडेसांच्या नवऱ्याने, तो तेव्हा हयात होता, गॅरेजवरच्या सामानाच्या खोलीत खाट टाकून दिली. "चार दिवस राहा म्हणाला. त्याने मोजलं नाही, मीही मोजलं नाही." मग चाक बसवता बसवता खाली मान घालून ते म्हणाले, "तू दोन वाजता खिडकीत येतेस. मी खुर्ची तेव्हाच आणतो. म्हटलं, पोरगी एकटी असते, समोर कुणीतरी दिसावं." डेलियाच्या कानांच्या पाळ्या तापल्या. वर्षभर आपण ज्याला बघत होतो तो आपल्याला सोबत करत होता. त्या संध्याकाळी तिने वही काढली आणि पुढे काय लिहावं हे न सुचून ती तशीच मिटली.

म्हणून तर ती बोलली. प्रस्तावच असा होता की पिवळ्या भागातही मागच्या अंगणात किंवा गॅरेजवर एक लहानशी खोली बांधून भाड्याने द्यायला परवानगी असावी. ऑक्टोबरातला दुसरा मंगळवार, संध्याकाळचे सहा, सभागृहात पन्नासेक माणसं आणि ओल्या कोटांचा वास. आयोगाचे सात सदस्य, सगळे बिनपगारी: अध्यक्ष दातांचे डॉक्टर, एक निवृत्त शिक्षिका, एक घरं विकणारे गृहस्थ, बाकीचे असेच. बोलायला प्रत्येकाला तीन मिनिटं, समोर हिरवा दिवा, मग पिवळा, मग तांबडा. तिच्या आधी बोललेले सगळे घाबरलेले. अनोळखी लोक येतील, गाड्या लावायला जागा उरणार नाही, वस्तीचा पोत जाईल. एक गृहस्थ म्हणाले, "उद्या आमच्या मागे कोण राहतंय हेच आम्हाला कळणार नाही." डेलिया उभी राहिली तेव्हा विनी तिच्या कडेवर होती, कारण टोबीची पाळी बदलली होती. हिरवा दिवा लागला. मागे कोण राहतंय हे मला माहीत आहे, ती म्हणाली, आणि मग ते आलंच, नाव, गॅरेज, अकरा वर्षं, पूल, बाबागाडीचं चाक. बोलताना तिला जाणवत होतं की सभागृह शांत होतंय, शिक्षिकाबाईंनी चष्मा काढलाय, मघाचे ते गृहस्थ मान खाली घालून ऐकतायत. विनीने माइकवर हात मारला आणि लोक हसले. तांबडा दिवा लागायच्या आत तिचं बोलणं संपलं आणि टाळ्या झाल्या. त्या टाळ्यांची ऊब तिच्या अंगात घरापर्यंत टिकली. आयोगाने प्रस्ताव अभ्यासासाठी पुढे ढकलला, तरीही. मिस हॅडली कोपऱ्यातल्या टेबलाशी बसून लिहून घेत होती. तिने टाळ्या वाजवल्या नाहीत. डेलियाला तेव्हा वाटलं होतं, हात गुंतलेत म्हणून.

आणि आता हा शुक्रवार. विनीला उठवून, कोट चढवून ती नगरभवनात गेली. मिस हॅडली काउंटरवर नव्हती. ती बाहेर जिन्याशी भेटली, सफरचंद खात. तिने डेलियाला पाहिलं आणि सफरचंद खिशात टाकलं. "मी तुम्हाला म्हटलं होतं, मला सांगू नका म्हणून," ती म्हणाली. "तुम्ही सात जणांसमोर सांगितलंत."

"मी कौतुक केलं."

"हो ना. तक्रार आली असती तर मी चार महिने फाइलखाली दाबली असती. कौतुकाचं काय करू?"

मग तिने सावकाश, समोरची बाई लहान मूल असल्यासारखं, समजावून सांगितलं. कच्चं इतिवृत्त म्हणजे अजून काहीच नाही. मंगळवारी सभेच्या सुरुवातीला अध्यक्ष विचारतील, दुरुस्ती आहे का? कुणी उभं राहून म्हणालं की मी असं म्हणालेच नाही, माझा घोटाळा झाला, ती खोली नुसती सामानाची आहे, तर ते वाक्य गाळतील. विशेष कुणी हरकत घेत नाही. त्यानंतर मंजुरी. आणि मंजूर झालं की ती शहराची नोंद, मग मला त्यावर तपासणी लावावीच लागते, माझी नोकरी तीच आहे. "सभेची ध्वनिमुद्रित टेप असते ना पण?" डेलियाने विचारलं. "टेप ऐकायला आजवर कुणी आलेलं नाही. लोक कागद मागतात." एवढं बोलून तिने पुन्हा सफरचंद काढलं, त्याला चिकटलेला खिशातला धागा काढला आणि ते विनीपुढे धरलं. विनीने ते चाटून पाहिलं.

मिस ओडेसांना सांगायला डेलिया शनिवारी गेली. त्या स्वयंपाकघरात घेवड्याच्या शेंगा मोडत बसल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं, शेंगा मोडायचं न थांबवता. कट, कट. डेलियाला वाटलं त्या ओरडतील तर बरं.

"तू कॉलेजात किती वर्षं होतीस?"

"चार."

"आणि गप्प बसण्याचा वर्ग नव्हता तिथे? की होता आणि तू तेव्हाही हात वर करून बोलत होतीस?"

"मिस ओडेसा, मला खरंच..."

"माझा नवरा ती खोली बांधत होता तेव्हा मी सांगितलं होतं, जिना बाहेरून काढू नको, लोकांना दिसेल. तो म्हणाला, लोकांना दिसू दे, आपण काय चोरी करतोय. तुम्ही दोघं एकाच मातीचे. त्याला मी चाळीस वर्षं सांभाळलं, तुला सांभाळायला आता माझ्यात जोर नाही." त्यांनी शेंगांचं भांडं बाजूला सारलं. "मंगळवारी जायचं. उभं राहायचं. म्हणायचं, चुकून बोलले. लहान मूल कडेवर होतं, झोप झाली नव्हती, काहीबाही बोलले. तुझ्याकडे बघून कुणाचाही विश्वास बसेल."

डेलिया हो म्हणाली. मनापासून म्हणाली. गल्ली ओलांडून घरी जायच्याऐवजी ती त्या लाकडी जिन्याने वर गेली, कारण ज्याच्याबद्दल हे सगळं चाललंय त्याला सांगायला नको का, असं तिला वाटलं, आणि कारण ती खोली तिने आतून कधीच पाहिली नव्हती. दुसरं कारण आधीचं होतं हे तिला जिन्याच्या चौथ्या पायरीवरच माहीत होतं. आत छत इतकं खाली की तिने आपोआप मान वाकवली. खाट, शेगडी, धुतलेला एक कप पालथा घातलेला, भिंतीवर नदीचा लांबलचक तक्ता, त्यावर पाण्याची खोली फुटांत. सगळं हाताच्या अंतरावर. तिला त्या जागेत शिरताच लहानपणच्या कोमट जमिनीची आठवण झाली आणि तिने बूट काढले, त्यांनी सांगितलं नसतानाही. खिडकीशी जाऊन तिने आपलं स्वयंपाकघर पाहिलं. इथून ते अगदी लहान दिसत होतं, पिवळ्या दिव्याचं, आणि त्यात कुणी नव्हतं. मिस्टर ड्रूरींनी तिचं बोलणं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "दाखव."

"काय?"

"लिहिलंय ते. आणलंयस ना?"

तिने छापलेला कागद आणला होता. त्यांनी चष्मा शोधला, तो डोक्यावर होता, आणि तो चौथ्या पानावरचा परिच्छेद ओठ हलवत वाचला. बराच वेळ लागला. "'गृहस्थ'," ते म्हणाले. मग खिडकीतल्या उजेडात धरून पुन्हा वाचला. "माझी पत्रं ओडेसाच्या नावाने येतात. मतदारयादीत मी अजून जुन्या घरी आहे, जे पाडलं. डॉक्टरकडे भाचीचा पत्ता. अकरा वर्षांत कुणी कागदावर लिहिलं नव्हतं, की ड्रूरी इथे राहतो."

"पण त्यामुळेच ते तुम्हाला काढतील."

"काढतील." ते मान हलवत होते, जणू समोरून येणारी बोट ओळखीची आहे. "मग काढणार कुणाला, ते तर लिहिलेलं असेल. हे खोडलंस तर इथे नुसतं सामान होतं. बेचाळीस सालचा माझा जन्म आहे, पोरी. सामान म्हणून मरायचं मला काही नडलेलं नाही."

"मिस ओडेसा म्हणतात..."

"ओडेसाला काळजी आहे. तिला करू दे. तिला मी सांगेन. तू हे खोडू नकोस." डेलिया हो म्हणाली. पण त्यांनी सांगितलं नाही, हे तिला पुढे कळलं. तिनेही सांगितलं नाही. रविवार, सोमवार ती दोन होकार घेऊन हिंडली, एक खालचा आणि एक वरचा. टोबी म्हणाला, "अगं, म्हाताऱ्याचा हट्ट आहे. त्याला छप्पर हवं की वाक्य? उभी राहा आणि बोल, चुकलं म्हणून. मी विनीला घरी ठेवतो." ती म्हणाली, नको, विनीला नेतेच, तिच्याकडे बघून विश्वास बसेल.

मंगळवारी सभागृह जवळजवळ रिकामं होतं. ती दुसऱ्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर बसली. विनी मांडीवर तिच्या कोटाचं बटण चोखत होती. मिस हॅडलीने एकदाच तिच्याकडे पाहिलं. अध्यक्षांनी घसा साफ केला, हजेरी घेतली, आणि म्हणाले, "मागील सभेचं इतिवृत्त. काही दुरुस्ती?" डेलियाने ते शब्द ऐकले. पाय जमिनीवर घट्ट होते, उठायला काही अडचण नव्हती. वाक्य तयार होतं, माझा घोटाळा झाला. आणि त्याच्याच शेजारी दुसरंही एक वाक्य तयार होतं, ते खरंच तिथे राहतात आणि त्यांना ते लिहिलेलं हवं आहे. दोन्ही तोंडाशी आलेली. तिने शिक्षिकाबाईंच्या हातांकडे पाहिलं, त्या कागदाच्या कडा जुळवत होत्या. तिने घड्याळाच्या काट्याकडे पाहिलं. एवढ्याशा शांततेतून एक माणूस एका बाजूला जाणार की दुसऱ्या, हे ती पाहत राहिली, श्वास रोखून, जशी खिडकीतून पाहायची तशी. चार सेकंद झाले असतील. "नाही? मग मंजूर." हातोडीसुद्धा वाजली नाही, नुसतं पान उलटलं. तेव्हा कुठे तिला कळलं की आपण उठलो नाही. नंतर तिने स्वतःला अनेकदा सांगितलं, मी त्यांचा शब्द राखला. हे पटतंही. फक्त अधूनमधून, भांडी घासताना, विनीच्या केसांतला गुंता सोडवताना, तिला त्या चार सेकंदांची चव आठवते, आणि त्यात मिस्टर ड्रूरी नसतात. त्यात नुसतं पुढे काय होतं ते बघायचं असतं.

तपासणीला माणूस डिसेंबरात आला. डेलियाने खिडकीतून पाहिलं नाही. ती गल्लीत जाऊन उभी राहिली, निदान तेवढं तरी. तो तरुण होता, सभ्य होता, मोजपट्टी लावून मापं घेत होता. वरून मिस्टर ड्रूरींचा आवाज येत होता. "सहा फूट चार इंच? नियम किती?"

"सात, सर."

"मी पाच फूट पाच. छत माझ्यापेक्षा उंच आहे. मग तक्रार कोण करतंय, छत?"

तो माणूस हसला, आणि त्याने लिहिलं. उंची कमी. बाहेर पडायला दुसरा मार्ग नाही. तीस दिवसांत खोली रिकामी करावी. मिस ओडेसा आपल्या मागच्या दारात उभ्या होत्या. त्या डेलियाकडे बघून म्हणाल्या, "तू बोलणार होतीस." डेलियाने तोंड उघडलं, पण मिस्टर ड्रूरी म्हणाले होते की मी सांगेन, आणि ते वर कॉफी करत होते. "नाही बोलले," ती म्हणाली. "का?" हा एवढाच प्रश्न मिस ओडेसांनी तिला विचारला. तिच्याकडे दोन उत्तरं होती आणि एक देणं म्हणजे दुसरं लपवणं. ती गप्प राहिली. मिस ओडेसा म्हणाल्या, "आता शिकलीस," आणि दार लावून घेतलं.

मिस्टर ड्रूरी जानेवारीत खोली सोडून गेले. भाचीचा नवरा गाडी घेऊन आला होता. सगळं सामान एका खेपेत मावलं. नदीचा तक्ता त्यांनी स्वतः मांडीवर धरला. निघताना त्यांनी कोटाच्या आतल्या खिशावर थाप मारून दाखवली. तिथे चौथं पान घडी करून ठेवलेलं होतं, शहराचा शिक्का मारून आणलेलं. तिच्यावर ते रागावले नव्हते, हे सगळ्यात कठीण. जूनमध्ये प्रस्ताव मंजूर झाला, पिवळ्या भागातही खोल्यांना परवानगी मिळाली, सात फूट उंचीच्या, दोन जिन्यांच्या. वर्तमानपत्रात डेलियाच्या भाषणाचा उल्लेख आला. मिस ओडेसांनी छत उचलायला माणूस बोलावला, त्याने मापं घेतली आणि म्हातारीकडे बघून नाही म्हणून मान हलवली. खोली तशीच आहे. डेलियाने भाचीला फोन केला तेव्हा भाची म्हणाली, ते आमच्याकडे सहा आठवडे होते, मग म्हणाले मला नदी दिसायला हवी, आणि गेले. कुठे ते तिला धड माहीत नाही. खालच्या अंगाला कुठल्याशा गावी, दुकानावर खोली आहे म्हणाले. डेलिया विनीला गाडीत घालून दोन गावं फिरून आली. नदीकाठी इतकी दुकानं आहेत, आणि त्यांच्यावर इतक्या खिडक्या.

म्हणून आता ती तुम्हालाच विनवते आहे. तुम्ही नदीच्या खालच्या अंगाला कुठे राहत असाल, आणि तुमच्या गावात दुकानाच्या वर एखादा म्हातारा एकटा राहत असेल, बुटका, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवून चालणारा, तर एकदा वर जाऊन या. दार लगेच उघडणार नाही, त्यांना उठायला वेळ लागतो. पायांकडे बघा, घोटे सुजले असतील तर डॉक्टरला कळवा, ते स्वतः कळवणार नाहीत. काही हवंय का असं विचारलंत तर नाहीच म्हणतील. विचारू नका. आत जा आणि थोडा वेळ बसा.